पुढचं कधी?
(लवकर मिळालेल्या यशाचं ओझं : एक छोटा अभ्यास)



गॅदरिंग संपलं की दुसऱ्या दिवशी मेसमध्ये विजेत्यांचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पाठीवर थाप पडते, कोणीतरी ताटात जास्तीची पोळी टाकतं, आणि त्याच टेबलवर पहिल्यांदा विचारलं जातं, "मग, पुढचं कधी?" विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. पण ज्याला विचारलं त्याच्या डोक्यात हा प्रश्न किती दिवस मुक्काम करतो आणि तिथे बसून काय काय उद्योग करतो, हे आपल्या कोणत्याच सिलॅबसमध्ये नाही.

अपयशावर आपल्याला भरपूर ऐकवलं जातं. फर्स्ट इयरच्या पहिल्या आठवड्यात किमान तीन भाषणं त्याच विषयावर झाली. एटीकेटी लागली तर काय करायचं, हे सिनियर्सपासून वॉर्डन मॅडमपर्यंत सगळे सांगतात. पण एखाद्याला विसाव्या वर्षीच मोठी टाळी मिळाली तर त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचं? यावर कोणी बोलत नाही, कारण ही काही अडचण आहे असंच कोणाला वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. मग एक कादंबरी वाचली आणि तिच्या लेखकाचं पुढे काय झालं ते शोधत बसले.

ती कादंबरी म्हणजे भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला'. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मराठी आमच्याकडे मार्कांपुरती होती आणि 'कोसला' माझ्या हातात हॉस्टेलवर आल्यावर पडली. पण खरं सांगायचं तर ती हॉस्टेलवरच वाचायची कादंबरी आहे. खानदेशातल्या सांगवी गावचा पांडुरंग सांगवीकर शिकायला पुण्याला येतो, हॉस्टेलमध्ये राहतो, वडिलांचे पैसे उडवतो, नको त्या भानगडींत पडतो, परीक्षांची वाट लावतो आणि शेवटी गावी परततो. मध्येच त्याची धाकटी बहीण मनी जाते. तो भाग मी रात्री दोनला वाचला आणि नंतर रूममेटला उठवून बसवलं. (तिने अजून माफ केलेलं नाही.)

ही कादंबरी १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. नेमाडे यांचा जन्म १९३८ सालचा, म्हणजे त्यावेळी ते पंचवीस वर्षांचे. आपल्यापैकी जो एम.टेक. करून एखाद वर्ष नोकरीत काढतो, त्याच्या वयाचे. पुस्तक आलं आणि मराठी कादंबरीची भाषाच हलली असं अभ्यासक सांगतात. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन साधे शब्द, पण 'कोसला' वाचलेला माणूस पुढे काही दिवस ते वापरल्याशिवाय बोलू शकत नाही. पिढ्यानपिढ्या पोरांनी त्या सुरात डायऱ्या लिहिल्या. कोणत्याही कॉलेजच्या जुन्या अंकांचा गठ्ठा काढा, दर दोन-तीन अंकांत एक तरी छोटा पांडुरंग सापडेल.

आता लेखकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पंचविसाव्या वर्षी तुम्ही असं काही लिहिलं आहे की लोक तुमच्याच सुरात बोलायला लागले आहेत. त्यानंतर तुम्ही दुसरी कादंबरी लिहायला बसता. लिहाल काय? त्याच सुरात लिहिलं तर लोक म्हणतील की हे तर तेच. सूर बदलला तर म्हणतील, 'कोसला'ची मजा नाही राव. दोन्हीकडून मार.

नेमाड्यांची पुढची कादंबरी 'बिढार' आली १९७५ साली. मध्ये बारा वर्षं गेली. म्हणजे ज्या पोराने पहिलीत असताना वडिलांच्या टेबलवर 'कोसला' पाहिली असेल तो ग्रॅज्युएशनला आला तरी दुसरी कादंबरी नव्हती! या बारा वर्षांत ते गप्प बसले होते असं मात्र नाही. 'वाचा' हे अनियतकालिक त्यांनी चालवलं, इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून गावोगाव नोकऱ्या केल्या, अहमदनगर, धुळे, औरंगाबाद. (पहिलं आणि शेवटचं ही दोन्ही नावं आता बदलली, पण त्यांच्या वेळी हीच होती.) १९७० साली 'मेलडी' हा कवितासंग्रह आला. म्हणजे लिहिणं, वाचणं, भांडणं सगळं चालू होतं. फक्त लोकांना जे हवं होतं, 'कोसला नंबर दोन', ते तयार होत नव्हतं.

आणि 'बिढार' उघडली की कळतं की ते तयार होणारच नव्हतं. 'कोसला' सगळी 'मी'ची गोष्ट आहे, पांडुरंग स्वतः बोलतो. 'बिढार'मधला चांगदेव पाटील स्वतः बोलत नाही, त्याच्याबद्दल सांगितलं जातं. पांडुरंग विद्यार्थी होता, चांगदेव नोकरी शोधणारा आणि मग प्राध्यापकी करणारा. पुढे 'जरीला' १९७७ साली आणि 'झूल' १९७९ साली आली, आणि हा चांगदेव एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात बिऱ्हाड हलवत राहतो. मला विचाराल तर 'कोसला' वाचून लगेच 'बिढार' हातात घेतली तेव्हा पहिली पन्नास पानं मी नाराज होते. माझ्याही मनात तोच प्रश्न, तो आधीचा आवाज कुठे गेला? म्हणजे मी पण मेसच्या टेबलवरचीच माणूस निघाले. नंतर हळूहळू लक्षात आलं की त्या पहिल्या आवाजाला सगळी कॉलेजं, सगळ्या संस्था, संस्थाचालक, भाड्याच्या खोल्या झेपल्या नसत्या. त्या आवाजाची ताकद एका पोराच्या डोक्याएवढीच होती.

याच काळात नेमाड्यांनी एक लेख लिहिला, ज्याचं नावच 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' असं आहे. पुढे तो 'टीकास्वयंवर' या त्यांच्या समीक्षेच्या पुस्तकात आला, आणि त्या पुस्तकाला १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'लेखकराव' हा शब्द आता मराठीत सगळे वापरतात. लिहिणाऱ्याला नाव मिळालं की तो सभा, सत्कार, समित्या, मागणीनुसार पुरवठा यात कसा अडकतो आणि मग लिहिणारा कमी आणि 'राव' जास्त कसा होतो, हा तो विषय. मला यातली गंमत ही वाटते की एका गाजलेल्या पुस्तकाचा तरुण लेखक हे लिहितो आहे. लेखकराव होण्याची सर्वात मोठी सोय तेव्हा त्याच्याच दारात उभी होती.

इथे थोडं गणित घालते, इलाज नाही, मी इंजिनियरिंगची आहे.

एम-थ्रीमध्ये आपण रिग्रेशनची गणितं सोडवतो आणि पेपर झाला की विसरतो. हा शब्द मुळात आला कुठून? इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन नावाचा माणूस आईवडिलांची आणि मुलांची उंची मोजत होता. १८८६ साली त्याने छापलं की खूप उंच आईवडिलांची मुलं सरासरीपेक्षा उंच असतात खरी, पण आईवडिलांइतकी नाही. आईवडील सरासरीपासून जितके लांब, त्याच्या साधारण दोन तृतीयांश अंतरावर मुलं. म्हणजे टोकाची गोष्ट पुढच्या खेपेला सरासरीकडे थोडी सरकते. यात कोणाचा दोष नसतो, मुलांनी दूध कमी प्यायलं असंही नसतं. टोकाच्या निकालामागे नेहमी काही भाग पक्का असतो आणि काही भाग त्या दिवशीच्या योगायोगाचा. पक्का भाग पुढे येतो, योगायोग येत नाही.

समजा एकांकिका स्पर्धेत सरासरी गुण ५० पडतात. एकाला पहिल्याच झटक्यात ९० मिळाले. पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नाचं कोरिलेशन समजा ०.५ आहे. तर दुसऱ्या खेपेची अपेक्षित किंमत निघते ७०. सत्तर म्हणजे सरासरीपेक्षा वीसने वर! पण हॉलमध्ये बसलेला प्रत्येक जण ९० शी तुलना करतो आणि बाहेर पडताना म्हणतो, "संपला बे हा." त्या बिचाऱ्याने काहीही वाईट केलेलं नसतं.

अर्थात कला म्हणजे उंची नाही. माणूस शिकतो, बदलतो, दुसऱ्यांदा ९५ सुद्धा काढतो. आणि ०.५ हा आकडा मी सोयीसाठी धरला आहे, कोणी मोजलेला नाही. पण हे गणित एवढ्यासाठी उपयोगाचं की दुसरा प्रयत्न थोडा खाली आला याचा अर्थ पहिला खोटा होता किंवा माणूस आटला, असा निघत नाही. आपण मात्र नेमका तोच काढतो, आणि वाईट हे की ज्याचं त्याने स्वतः सुद्धा तोच काढलेला असतो.

आता आपल्याच हॉस्टेलमधली गोष्ट. नाव देत नाही, त्या दादाला विचारूनच लिहिते आहे. फर्स्ट इयरला असताना त्याने एक एकांकिका लिहिली होती, जिनिंगमध्ये काम करणाऱ्या हमालांवर. त्याचे काका तिथे कामाला, त्यामुळे भाषा, शिव्या, रुईच्या गाठींचं वजन, सगळं खरं. कॉलेजात पहिली आली, मग बाहेरच्या स्पर्धेतही बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला. त्यानंतर सगळ्यांना एकच हवं होतं, 'जिनिंग पार्ट टू'. त्याने सेकंड इयरला ते लिहिलं पण. तेच हमाल, तोच मुकादम, नावं बदललेली, आणि शेवटी पहिल्यातला टाळ्यांचा डायलॉग थोडा फिरवून. तालमीला बसलेल्यांना आवडलं. त्याला नाही आवडलं. त्याने संहिता परत घेतली आणि त्या वर्षी काहीच केलं नाही. तेव्हापासून कँटीनमध्ये नाटकवाली मंडळी दिसली की हा पार्सल घेऊन निघून जातो. मी विचारलं, दादा, काहून लिहीत नाही आता? तर म्हणाला, "लिहायला बसलो की पहिले परीक्षकच दिसतात. जिनिंग दिसतच नाही."

हे ऐकल्यावर मला फरदड आठवली. यवतमाळ जिल्ह्यात राहून फरदड माहीत नाही असा कोणी नसेल, पण बाहेरून आलेल्या मित्रांसाठी सांगते. कपाशी जूनमध्ये पेरतात, दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते, पहिल्या वेच्याचा कापूस सगळ्यात चांगला. डिसेंबरपर्यंत दोन-तीन वेचे झाले की खरं तर पऱ्हाटी उपटून वावर मोकळं करायचं. पण विहिरीला किंवा कालव्याला पाणी असलं की मोह होतो. त्याच झाडांना पुन्हा पाणी, पुन्हा खत, आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत अजून थोडा कापूस. याला फरदड घेणं म्हणतात. पैसा सुटतो थोडाफार, पण कापूस हलका पडतो, आणि गुलाबी बोंडअळीला वर्षभर खायला मिळतं, तिची साखळी तुटत नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भात या अळीने काय केलं ते ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना विचारा. कृषी खातं तेव्हापासून घसा कोरडा करून सांगतं, फरदड घेऊ नका.

'जिनिंग पार्ट टू' ही फरदड होती, आणि ती त्या दादाला कोणी न सांगता कळली. पण मोकळ्या वावरात पुढे काय पेरायचं, हे मात्र त्याला अजून सुचलेलं नाही. शेतकऱ्यालाही जानेवारीतलं रिकामं वावर बघवत नाही, म्हणून तर फरदड घेतली जाते. आजूबाजूच्यांनाही ते बघवत नाही. आपण मेसमध्ये जे विचारतो ते दुसरं काय असतं? वावर रिकामं का आहे, हेच.

आणि इथे नेमाड्यांकडे परत बघितलं तर एक गोष्ट दिसते. पांडुरंग खानदेशातला, चांगदेव खानदेशातला, आणि २०१० साली आलेल्या 'हिंदू'मधला पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव, तोही खानदेशातलाच. वावर तेच आहे. पेरणी दर वेळी नवी आहे. 'झूल' आणि 'हिंदू' यांच्यात एकतीस वर्षं गेली. या मधल्या काळात 'हिंदू' येणार, येणार अशी चर्चा मराठीत इतकी झाली की पुस्तक यायच्या आधीच ते प्रसिद्ध होतं. आल्यावर मग जोरात भांडणं झाली. २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. तरीही आज शंभर वाचकांना नेमाडे म्हटलं की काय आठवतं असं विचारा, बहुतेक जण पंचविसाव्या वर्षी लिहिलेल्या पुस्तकाचंच नाव घेतील. म्हणजे ओझं उतरलं असं नाही. ते बाजूला ठेवून काम करता आलं, एवढंच म्हणता येईल.

दुसरं उदाहरण गाण्यातलं, आणि माझ्या मते याहून अवघड.

बेळगावजवळच्या सुळेभावी गावात १९२४ साली शिवपुत्र कोमकळी नावाचा मुलगा जन्मला. वडील गाणारे. हा मुलगा अगदी लहान असताना मोठमोठ्या गायकांच्या रेकॉर्ड ऐकून हुबेहूब तसंच गायला लागला. ताना, हरकती, सगळं तसंच्या तसं. एका मठाच्या स्वामींनी त्याला नाव दिलं 'कुमार गंधर्व'. पुढे आयुष्यभर तेच नाव राहिलं. विचार करा, आपल्याला एखादं बक्षीस मिळतं ते कपाटात ठेवता येतं, इथे बक्षीस म्हणजे नावच! हजेरीला सुद्धा गंधर्व. अकराव्या वर्षी, १९३५ साली अलाहाबादच्या संगीत परिषदेत तो गाजला आणि १९३६ साली मुंबईत जिना हॉलमध्ये. ऐकणारे मोठमोठे उस्ताद-पंडित थक्क झाले.

पण लोक नेमकं कशावर थक्क होत होते? एक लहान मुलगा मोठ्यांसारखं गातो यावर. हे यश फार विचित्र आहे, कारण त्याची मुदत ठरलेली असते. मुलगा मोठा झाला की मोठ्यांसारखं गाण्यात नवल उरत नाही. नक्कल करणारी बालप्रतिभा पंधराव्या वर्षी जशी एकाएकी गायब होते, तशी ही पण झाली असती. ती झाली नाही, त्याचं एक कारण मुंबईतले प्रा. बी. आर. देवधर. देवधर मास्तर पलुस्करांच्या परंपरेतले, पण त्यांच्या संगीत विद्यालयात सगळ्या घराण्यांचे गवई येत-जात. गाजलेला बाल गवई १९३६ मध्ये तिथे विद्यार्थी म्हणून बसला आणि पुढे दहाएक वर्षं मुंबईत राहिला. टाळ्यांची सवय लागलेल्या मुलाने पुन्हा पहिल्या बाकावर बसायचं, हे सोपं नसावं. आपल्याकडे थर्ड इयरच्या पोराला फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये फाईलिंग करायला लावा, काय तोंड होतं बघा.

१९४७ साली लग्न झालं, आणि त्याच सुमारास क्षयाने गाठलं. हवापालटासाठी १९४८ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या देवासला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. कमी करा असं सांगितलं नव्हतं, पूर्ण बंद. त्या काळात क्षयावर खात्रीचं औषध नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलं होतं आणि आपल्याकडे पोचायला वेळ लागला. पत्नी भानुमती यांनी नोकरी करून घर आणि आजारपण दोन्ही सांभाळलं. (हे वाक्य बहुतेक लेखांत एका ओळीत संपतं. इथेही संपतं आहे, याचं मला वाईट वाटतं.) शेवटी औषध मिळालं, जीव वाचला, एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले.

मधल्या पाच-सहा वर्षांत अंथरुणावर पडून त्यांनी एकच गोष्ट केली, ऐकलं. देवासच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बायका, भिक्षेकरी, माळव्यातली लग्नातली, पावसातली गाणी. ज्या गळ्याने लहानपणी ऐकलेलं लगेच गाऊन दाखवलं होतं, त्याला यावेळी दाखवायची परवानगीच नव्हती. ऐकलेलं बाहेर न पडता आत साठत गेलं. बरे झाल्यावर त्या लोकधुनांमधून त्यांनी नवे राग बांधले, त्यांना ते 'धुनउगम' राग म्हणत. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी ही त्यातली काही नावं. कबीराची निर्गुणी भजनं त्यांनी जशी गायली तशी त्याआधी मैफलीत कोणी ऐकली नव्हती. त्यांच्या बंदिशींचं 'अनूपरागविलास' हे पुस्तक १९६५ साली निघालं. जुन्या मंडळींनी टीकाही खूप केली की हे कोणत्या घराण्याचं गाणं? पण जो मुलगा दुसऱ्यांसारखं गातो म्हणून प्रसिद्ध झाला, त्याच्यावर पुढे आरोप काय झाला, तर हा कोणासारखंच गात नाही!

मेकॅनिकलवाल्यांना ॲनिलिंग आठवेल. थंड धातूवर सारखे घाव घातले की तो कडक होतो, पण ठिसूळही होतो. मग तापवून हळूहळू थंड करायचं, आतले ताण निघून जातात, पुन्हा घडवता येतो. उपमा बरी आहे, पण इथेच सोडते, कारण आजारपण म्हणजे फर्नेस नव्हे आणि पाच वर्षांच्या क्षयाला कोणी प्रोसेस म्हणू नये. त्यातून वाचले म्हणून आपल्याला ते कळलं. त्या काळात कितीतरी जण वाचले नाहीत.

या दोघांनाही वेळ मिळाला, एकाने घेतला, दुसऱ्यावर लादला गेला. पण वेळ मिळणं हाच उपाय, असंही म्हणता येत नाही. उलट उदाहरण आपल्या यवतमाळशी नातं असलेलं आहे. १९७३ साली इथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं (नंतर २०१९ मध्ये पुन्हा भरलं), त्याचे अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. त्यांचं 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला सुरू झालं आणि १९ एप्रिल १९५६ पर्यंत चाललं. आठवड्याला एक गाणं, अधिक महिना आल्यामुळे एकूण ५६. सुधीर फडके यांचं संगीत. गदिमा तेव्हा पस्तिशीचे, म्हणजे लवकरचं यश नव्हे. पण बघा, पहिलं गाणं गाजलं तेव्हा त्यांनाही अपेक्षांचं ओझं आलंच असणार, सगळा महाराष्ट्र रेडिओला कान लावून बसलेला. फक्त त्या ओझ्याकडे बघत बसायला सवड नव्हती, पुढच्या आठवड्यात दुसरं गाणं हवं होतं. आपल्याला सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल चांगलं होईल का ही चिंता कधी पडते का? पुरं होईल का, एवढीच पडते. नंतर गदिमांनी 'गीतगोपाल'ही लिहिलं, सी. रामचंद्र यांच्या संगीतात. ते किती जणांना माहीत आहे? मला हा लेख लिहिताना कळलं.

बाहेरच्या जगात हार्पर ली यांचं नाव सगळे घेतात. 'टू किल अ मॉकिंगबर्ड' १९६० साली, पुलित्झर १९६१ साली, आणि दुसरं पुस्तक थेट २०१५ मध्ये, तेही पहिल्याच्या आधी लिहिलेलं हस्तलिखित. पंचावन्न वर्षं! आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण चैतन्य ताम्हाणे. 'कोर्ट' हा मराठी सिनेमा २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार घेऊन आला तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे, आणि तो त्यांचा पहिलाच मोठा सिनेमा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करसाठी भारतातर्फे पाठवला गेला. पुढचा सिनेमा 'द डिसायपल' आला सहा वर्षांनी, २०२० मध्ये, आणि व्हेनिसला त्याच्या पटकथेला पुरस्कार मिळाला. मी तो लॅपटॉपवर पाहिला. एक तरुण शास्त्रीय गायक वर्षानुवर्षं रियाज करतो आणि आपण आपल्या गुरूसारखे कधीच होणार नाही हे त्याला हळूहळू कळत जातं, ही गोष्ट. न्यायालयावरच्या सिनेमानंतर लोकांना बहुधा दुसरा तसाच सामाजिक सिनेमा हवा असेल. त्यांनी अपेक्षेच्या ओझ्यावरच सिनेमा काढला! अर्थात हे माझं वाचन, दिग्दर्शकाच्या मनातलं मला काय माहीत. पण संथ आहे म्हणून बंद करू नका, शेवटची वीस मिनिटं बघाच.

एवढा अभ्यास केल्यावर आपल्या इथे काय करता येईल, ते लिहिते. गॅदरिंग कमिटीला एक छोटी विनंती आहे. एकांकिका आणि काव्यवाचनाच्या अर्जात 'यापूर्वी मिळालेली पारितोषिके' असा रकाना असतो, आणि निवेदक तोच रकाना स्टेजवरून मोठ्याने वाचून दाखवतो. पडदा उघडायच्या आधीच हॉल मागच्या वर्षीच्या ९० वर जाऊन बसतो. तो रकाना काढून टाकावा. एका रकान्याने काय होणार असं सेक्रेटरी म्हणाला, पण त्याने स्वतः कधी काही लिहिलेलं नाही.

दुसरं, आम्ही तिघीजणी आणि बॉईज हॉस्टेलमधले चौघे मिळून दर दुसऱ्या शनिवारी रीडिंग हॉलमध्ये बसणार आहोत. लिहिलेलं, अर्धं लिहिलेलं, फसलेलं काहीही वाचायचं. पुरं झालेलं आणलं तर त्या दिवशी ऐकणार नाही, आणि बक्षीस मिळालेलं तर मुळीच नाही. त्या जिनिंगवाल्या दादालाही सांगितलं आहे. त्याने नुसतं "बघू" म्हटलं. वॉर्डन मॅडमनी साडेआठपर्यंत परवानगी दिली आहे. चहा ज्याचा त्याने आणायचा.